शेवटचा चहा किती वाजता घेतला? चहा-कॉफी, मूड, डोकं आणि झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याला माझं मेडिकलचं दुकान आहे आणि दुकानाला लागूनच चहाची टपरी, त्यामुळे माझं अर्धं गिऱ्हाईक हातात कटिंग घेऊनच काउंटरवर येतं. कोणी डोकेदुखीची गोळी मागतं, कोणी अॅसिडिटीची, आणि रात्री साडेनऊनंतर हळू आवाजात झोपेची. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण झोपेची गोळी मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न एकच विचारतो, शेवटचा चहा किती वाजता घेतला? त्यावरून पुढे जे प्रश्न सुरू होतात, काउंटरवर आणि मग व्हॉट्सअपवर, ते सगळे इथे एकत्र केलेत. तेच तेच परत टाइप करायचा कंटाळा आला हे खरं कारण.

१. चहाने तरतरी येते म्हणजे नक्की काय होतं? ताकद येते का?

ताकद येत नाही. जी काही ताकद असेल ती साखर-दुधाची. चहा-कॉफीतल्या कॅफीनचं काम वेगळं आहे आणि ते लोकलच्या भाषेत सांगतो, पटकन समजतं. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं, ते मेंदूतल्या ठरलेल्या सीटवर बसलं की आपल्याला जड वाटायला लागतं, जांभया येतात. कॅफीनचा आकार बराचसा त्याच्यासारखाच, म्हणून ते आधी जाऊन त्या सीटवर रुमाल टाकून ठेवतं. अॅडिनोसिनला बसायला जागा नाही, तुम्हाला झोप नाही. पण प्लॅटफॉर्मवरची गर्दी कमी झालेली नसते हां, ती वाढतच असते, आणि काही तासांनी रुमाल उचलला गेला की सगळी एकदम आत घुसते. दुपारी चारला जो अचानक गळाठा येतो ना, त्यात या गर्दीचा मोठा हात असतो.

जाता जाता एक गंमत. कॅफीन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १८१९ च्या सुमारास जर्मनीत रुंगे नावाच्या तरुण केमिस्टने, आणि त्याला कॉफीच्या बिया देऊन हे शोधून काढ म्हणणारा माणूस म्हणजे कवी गटे. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला असं आपल्याला शाळेत ज्याच्याबद्दल सांगायचे तोच.

२. कशात किती असतं? कटिंग मोजायचा की सोडून द्यायचा?

कटिंग मोजायचाच, सगळा घोळ तिथेच आहे. घरचा एक कप चहा साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, कटिंग त्याच्या निम्मा-पाऊण, धरा २० ते ३०. टपरीवरची पावडर सीटीसी, म्हणजे बारीक दाण्यांची असते आणि ती तासन्‌तास उकळत राहते त्यामुळे सगळा अर्क उतरतो, म्हणजे "अर्धाच तर घेतला" म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. इन्स्टंट कॉफीचा एक चमचा पन्नास-साठच्या आसपास, चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) मिसळलेली असेल तर कमी कारण चिकोरीत कॅफीन नसतं. एस्प्रेसोचा एक शॉट साठच्या थोडा वर. मॉलमधला मोठा ग्लास किंवा कोल्ड ब्रू घेतलात तर एकाच वेळी दीडशे-दोनशे सहज पोटात जातं. तीनशे मिलिलिटर कोलात तीसेक, एनर्जी ड्रिंकच्या छोट्या कॅनमध्ये ७५ ते ८०, पन्नास ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये पंचवीसेक.

हे सगळे अंदाज आहेत, पावडर, मात्रा, उकळणं यावर बदलतात. पण एक हिशोब करून बघा: सकाळी घरचे दोन कप, ऑफिसच्या मशीनच्या दोन कॉफ्या, दुपारी टपरीवर दोन कटिंग, घरी आल्यावर "पाहुणे आलेत म्हणून" एक कप. अडीचशे ते साडेतीनशे झाले, आणि हा माणूस मला सांगतो मी फार चहा पीत नाही.

३. मग दिवसाला किती चालतं?

निरोगी मोठ्या माणसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी २०० पर्यंत, हा आकडा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली दिला, अमेरिकेतही ४०० च धरतात. ही वरची मर्यादा आहे, टार्गेट नाही, आणि झोपेसाठी तर एकूण आकड्यापेक्षा वेळ जास्त महत्त्वाची, ते पुढच्या उत्तरात. गरोदर बायकांसाठी प्र. १२, मुलांसाठी प्र. १३.

४. संध्याकाळी सहाला एकच कॉफी घेतो, अकराला झोपतो, मध्ये पाच तास गेले की. तरी त्रास कसा होईल?

कारण पाच तासात ती संपत नाही, निम्मी होते. मोठ्या माणसात कॅफीन अर्धं व्हायला सरासरी पाचेक तास लागतात, कोणाला दोन, कोणाला नऊ. समजा सहाला डबल शॉट घेतला, १२० मिलिग्रॅम. अकराला अंगात साठ आहे. म्हणजे तुम्ही अंथरुणावर पडता पडता एक एस्प्रेसो प्यायल्यासारखंच झालं! पहाटे चारला अजून तीस शिल्लक.

अमेरिकेत २०१३ साली एक अभ्यास झाला त्यात लोकांना ४०० मिलिग्रॅम झोपेच्या सहा तास आधी दिलं तरी झोप तासाभराहून जास्त कमी झाली. डोस मोठा होता हे मान्य. पण २०१५ च्या दुसऱ्या एका प्रयोगात झोपेच्या तीन तास आधी डबल एस्प्रेसोइतकं कॅफीन दिल्यावर शरीराचं घड्याळच साधारण ४० मिनिटं पुढे ढकललं गेलं. म्हणजे नुसती झोप उडत नाही, "रात्र झाली" हा निरोपच शरीराला उशिरा मिळतो.

आता आपल्याकडची अडचण अशी की सहा-सातचा चहा हा चहा नसतोच, तो घरी आल्याची खूण असते. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दीड तासाने घरात पाऊल टाकलेल्या माणसाला चहा नको असं कोण सांगणार, मी तरी सांगत नाही. मी सांगतो त्या वेळचा कप गवती चहा-आलं-दुधाचा करा, पावडर न घालता. आठ दिवस शिव्या द्याल, मग सवय होते. झोपेची तक्रार असेल तर पावडरवाला शेवटचा कप दुपारी दोन-तीनच्या आत.

५. मी रात्री दहाला कॉफी पिऊन पाचव्या मिनिटाला घोरतो. मला लागूच नाही ना हे?

झोप लागणं आणि झोप होणं या दोन गोष्टी आहेत. कॅफीन गाढ झोपेचा भाग कमी करतं, मधे मधे जाग येते जी सकाळी आठवतही नाही. मग सकाळी अंग आंबलेलं, म्हणून दोन कप जास्त, म्हणून रात्री परत तेच. पाचव्या मिनिटाला झोप लागणं हे कित्येकदा झोपेची थकबाकी साचल्याचंच लक्षण असतं.

काही लोकांचं लिव्हर कॅफीन खरंच पटकन निकालात काढतं, काहींच्या मेंदूतल्या त्या सीटच जरा वेगळ्या असतात, दोन्ही अनुवांशिक. त्यामुळे "माझे वडील रात्री चहा पिऊन झोपायचे" हे खरं असू शकतं. तपासायचं तर दोन आठवडे दुपारनंतर बंद करा आणि सकाळी उठताना कसं वाटतं ते बघा, दुसरा कुठलाही वाद घालू नका.

६. चहा घेतला की मूड खरंच सुधारतो की मनाचे खेळ?

दोन्ही, आणि तिसरंही एक आहे जे लोकांना आवडत नाही. थोड्या कॅफीनने उत्साह वाढतो, लक्ष लागतं, हे प्रयोगात दिसतं. टपरीवर उभं राहून चार शिव्या बॉसला घातल्याचा आराम वेगळा. तिसरं असं की रोज पिणाऱ्याला सकाळचा पहिला कप जो आनंद देतो त्यातला चांगला मोठा भाग म्हणजे रात्रभर न मिळाल्यामुळे आलेली चिडचिड आणि जडपणा निघून जाणं. म्हणजे चहाने तुम्हाला वर नेलं नाही, खड्ड्यातून काढलं, आणि खड्डा कालच्या चहानेच खणलेला. "चहा झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नका" म्हणणारे सगळे यात येतात, मी पण.

कॉफी पिणाऱ्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण थोडं कमी दिसतं असे मोठे अभ्यास आहेत. पण ते निरीक्षणाचे आहेत, कॉफीमुळेच कमी झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, उलट मन खचलेला माणूसच कॉफी प्यायला बाहेर पडत नसेल असंही असू शकतं. उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली तर कप वाढवू नका, डॉक्टरकडे जा, किंवा मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

७. छातीत धडधड, हात थरथर, उगाच भीती. हे टेन्शन आहे का कॉफी?

दिसायला दोन्ही सारखंच असतं म्हणून तर गोंधळ. कॅफीनने अॅड्रेनालिन वाढतं, ठोके जोरात जाणवतात, आणि आधीच काळजी करणारा माणूस ते ठोके ऐकून आणखी घाबरतो. ज्यांना पॅनिक अटॅक येतात त्यांना चार-पाच कप कॉफीइतक्या डोसने अटॅक येऊ शकतो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, बाकीच्यांना तितक्यात सहसा येत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. कॅफीनचं शिखर साधारण पाऊण तासाच्या आसपास येतं, तुमची धडधड रोज त्याच वेळी असेल तर संशय कपावर घ्या. रिकाम्या पोटी आणि झोप कमी झालेल्या दिवशी जास्त जाणवतं.

छातीत दुखतंय, चक्कर येतेय, घाम फुटलाय, श्वास लागतोय तर कॉफीचा हिशोब करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

८. मुलगा बारावीला आहे, रात्री जागून अभ्यासाला कॉफी देऊ का?

ताई, दुपारी द्या, रात्री नको. कॅफीनने लक्ष टिकतं, प्रतिक्रिया पटकन होतात, कंटाळवाणं काम ओढून नेता येतं, अगदी एका कटिंगइतक्या डोसनेही. पण ते हुशारी वाढवत नाही. २०२० च्या एका प्रयोगात २०० मिलिग्रॅमने ठरलेलं उत्तर असलेली कोडी थोडी चांगली सुटली, नवीन कल्पना सुचण्यात मात्र काही फरक पडला नाही. आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, म्हणजे रात्री दोनपर्यंत कॉफीवर चार चॅप्टर केले आणि झोप साडेतीन तास झाली तर त्यातले किती पेपरात उतरतील ते तुम्हीच बघा. पेपरच्या दिवशी सकाळी नेहमीचा कप नेहमीइतकाच, पहिल्यांदाच डबल कॉफी करून पाठवू नका. हॉलमध्ये हात थरथरतो, वर बाथरूमलाही पळावं लागतं.

९. उपवासाच्या दिवशी आणि रविवारी हमखास डोकं दुखतं. पित्त आहे का?

पित्त असेलही, पण आधी चहाचा संशय घ्या. रोज पिणाऱ्याने थांबवलं की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, आणि दोनपासून नऊ दिवसांपर्यंत टिकू शकतं. सोबत सुस्ती, चिडचिड, कशात लक्ष नाही. रोजच्या शंभर मिलिग्रॅमलाही होतं, म्हणजे दोन-तीन कप पुरे. मानसोपचाराच्या अमेरिकन यादीत २०१३ पासून हे नाव घेऊन नोंदलेलं आहे, त्यामुळे ही नाटकं नाहीत.

आमच्या घरी हरतालिकेला हे वर्षानुवर्षं व्हायचं. बायकोचा निर्जळी उपवास, आदल्या संध्याकाळचा शेवटचा चहा, दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला डोकं फुटायला लागायचं, संध्याकाळी उलटी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गणपती! आम्ही सगळे उपाशी पोटाला दोष द्यायचो. आणि मी फार्मासिस्ट, घरात बसून पित्ताची गोळी पुढे करणारा. मग एका वर्षी तिने पाच दिवस आधीपासून रोज अर्धा अर्धा कप कमी केला आणि हरतालिका बिनडोकेदुखीची गेली. रविवारचं पण तेच, रोज साडेसहाला चहा घेणारा रविवारी दहाला उठतो. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात तेव्हाचं डोकं दुखणं पण बऱ्याचदा हेच.

उलटी बाजूही बघा: डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्येच कॅफीन असतं. ते पेनकिलरला मदत करतं, पण आठवड्यातून तीन-चारदा घ्यायला लागलात तर गोळीच डोकेदुखी लावते. पाकिटामागचं वाचा.

१०. सोडायचंय. एकदम की हळूहळू?

हळूहळू. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप, शेवटून सुरुवात करा, म्हणजे रात्रीचा आधी, सकाळचा सगळ्यात शेवटी. मी २०१९ ला एकदम सोडला होता, तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाशी भांडलो, चौथ्या दिवशी टपरीवाल्यानेच न विचारता ग्लास पुढे केला. लिथियम (मूडच्या आजाराचं औषध) चालू असेल तर आधी प्र. ११ वाचा.

११. औषधं चालू आहेत, चहा चालेल ना?

बहुतेक औषधांना चालतो, गोळी फक्त पाण्याबरोबर घ्या. पण काही ठिकाणी सांभाळा. थायरॉइडची गोळी उपाशी पोटी पाण्याने, आणि चहा-कॉफी किमान अर्ध्या-पाऊण तासाने, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही आणि मग डोस वाढवत बसतात. लोहाच्या गोळीचं आणि चहाचं अजिबात जमत नाही, मधे एक-दोन तास जाऊ द्या. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असताना कॅफीन अंगात जास्त रेंगाळतं, नेहमीच्या दोन कपांनी धडधडायला लागतं. मानसिक आजारावरचं फ्लुवोक्सामिन तर त्याहून कितीतरी जास्त अडवतं. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांनी कॅफीन निघायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, म्हणजे ज्या बाईला पूर्वी पाचचा चहा पचत होता तिला गोळ्या सुरू झाल्यावर तोच चहा रात्री जागवू शकतो आणि हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

सगळ्यात नाजूक दोन: लिथियम आणि क्लोझापिन (हे स्किझोफ्रेनियाचं औषध). लिथियमवर असताना चहा-कॉफी अचानक बंद केली तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. क्लोझापिनचं उलट, कॅफीन वाढवलं तर औषधाची पातळी चढते. या दोघांनी सवय बदलायच्या आधी डॉक्टरना फोन करायचा, मला मेसेज नाही.

१२. गरोदर आहे, दोन चहा चालतील का? आणि दूध पाजताना?

साधारण २०० मिलिग्रॅमच्या आत रहा, म्हणजे घरचे दोन-तीन छोटे कप चालतात, पण त्यात कोला-चॉकलेट पण धरा. शेवटच्या महिन्यांत कॅफीन अर्धं व्हायला पंधरा तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून तेव्हा सकाळचाच बरा. पाजतानाही तोच आकडा. नवजात बाळाचं लिव्हर कॅफीन फार फार हळू काढतं, कित्येक दिवस लागतात, बाळ किरकिर करत असेल तर आईचे कप मोजून बघा.

१३. लहान मुलांना दुधात थोडा चहा? आणि ते एनर्जी ड्रिंक?

युरोपच्या त्याच संस्थेने मुलांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ३ मिलिग्रॅम धरलंय. वीस किलोच्या पोराला साठ, म्हणजे सकाळी चहा-बिस्कीट आणि संध्याकाळी कोला झालं की संपलं. एनर्जी ड्रिंक मुलांना नकोच. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात त्यात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि मुलांसाठी, गरोदर व पाजणाऱ्या बायकांसाठी नाही असं कॅनवर छापावं लागतं, बारीक अक्षरात का होईना. क्लासबाहेर पोरं दोन दोन कॅन रिकामे करतात, माझ्याच दुकानासमोर.

१४. ऐरोलीला नाइट शिफ्ट आहे, कॉफीशिवाय होत नाही. कशी प्यावी?

शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यात, थोडी थोडी. रात्री नऊ ते सहाची शिफ्ट असेल तर दोन-अडीचनंतर बंद, कारण तुमची "रात्र" सकाळी आठला सुरू होते आणि प्र. ४ चा हिशोब तिथूनच लावायचा. पहाटे पाचची कॉफी सगळ्यात महागात पडते, घरी येऊन बाहेर ऊन, आत कॅफीन, आणि खाली सोसायटीत ड्रिल चालू.

ब्रेक असेल तर एक युक्ती चांगली आहे. कॉफी पटकन प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॅफीन चढायला तेवढाच वेळ लागतो, जाग येते तेव्हा झोपेचाही फायदा आणि कॉफीचाही. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात पेंगुळलेल्या ड्रायव्हरांवर हे करून बघितलं होतं आणि चुका कमी झाल्या. पण ठाणे-बेलापूर रोडवर बाइकवर डुलकी येत असेल तर कॉफीवर विसंबू नका, ट्रान्सहार्बरची लोकल पकडा.

१५. सिगरेट सोडली आणि झोप उडाली, चिडचिड होते. निकोटीन ना?

काही निकोटीन, काही चहा, आणि हे दुसरं कोणाच्या लक्षात येत नाही. सिगरेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन जवळपास दीड-दोनपट वेगाने काढतं. सिगरेट सुटली की तो वेग काही दिवसांत उतरतो, चहा मात्र तेवढाच, म्हणजे तोच चहा आता दीड-दोनपट लागतो. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, त्यामुळे निकोटीनची च्युइंगम चघळली तरी हेच होणार. सिगरेट सोडताना चहा निम्मा करा. तसंही चहा आणि सुट्टा ही जोडगोळी आहे, एक दिसला की दुसरा आठवतो.

१६. ग्रीन टी, डिकॅफ, डार्क रोस्ट?

ग्रीन टीत कॅफीन असतं, तीसेक मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणावर "हलका" म्हणून पिऊ नका. डिकॅफमध्येही थोडं उरतं, दोन ते पंधरा. डार्क रोस्ट कडू असतो म्हणून जास्त स्ट्राँग असं नाही, फरक कॉफीच्या जातीने पडतो, रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट.

१७. झोपेची गोळी द्या ना, चिठ्ठी उद्या आणतो.

नाही देता येत. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठी लागते, रजिस्टरला नोंद लागते, ओळखीचे असाल तरीही. आठवड्यातून तीनेक रात्री झोप येत नाही आणि असं तीन महिने चाललंय तर डॉक्टरकडे जाच, झोपेसाठी वागणुकीची थेरपी असते आणि जुन्या निद्रानाशाला गोळीच्या आधी तीच सुचवतात.

तोपर्यंत मी रिकाम्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सात वार लिहून देतो. प्रत्येक वारासमोर दोनच गोष्टी लिहायच्या, शेवटचा पावडरवाला कप किती वाजता आणि दिवा किती वाजता बंद केला. वाशीहून येणारे एक काका आठव्या दिवशी ते पुठ्ठं घेऊन परत आले, सातही वारांना कप रात्री नऊ पस्तीसचा, रोज, जेवणानंतर, बातम्या बघताना. म्हणाले, अहो पण हा तर घरचा, मला वाटलं तुम्ही बाहेरचा विचारताय.